बद्रीनाथ निघाला द्वारकेला

आमच्या पिंपळगावात मोटारसायकलची मागची सीट ही सार्वजनिक मालमत्ता आहे. गाडी कोणाचीही असो, पेट्रोल कोणीही भरलेलं असो, मागची सीट रिकामी दिसली की गावातल्या कुठल्याही माणसाचा तिच्यावर हक्क लागतो. त्यात गाडी बद्रीनाथची असली तर विचारायचीही गरज नाही. नुसता हात करायचा, बसायचं आणि भोकरदनात कुठं उतरायचं ते सांगायचं.

बद्रीनाथ माझ्या समोरच्या घरात राहतो. मी शाळेतून निवृत्त होऊन ओट्यावर बसलेला माणूस, त्यामुळे त्याच्या घरात काय चाललंय ते त्याच्याआधी मला कळतं, असं माझी बायको म्हणते. तर बद्रीनाथ पन्नाशी ओलांडलेला, चार एकरांचा शेतकरी. शेतात मिरची, आणि हंगामात बाजारात एका व्यापाऱ्याच्या काट्यावर पोती मोजायचं काम. अंगानं दांडगा, पण ‘नाही’ हा शब्द देवानं त्याला दिलाच नाही. कोणी म्हटलं दवाखान्यात चल, हा निघाला. कोणी म्हटलं सोयरीक बघायला चल, हा निघाला. इतका चांगला माणूस माझ्या डोक्यात जातो, आणि मी त्याला तसं तोंडावर सांगितलेलंही आहे. तो हसला आणि मलाच गाडीवर बसवून बँकेत घेऊन गेला.

या माणसानं मागच्या दिवाळीनंतर एका दुपारी मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कच्छचं रण. पांढरंफेक मीठ, त्यावर एक तंबू, तंबूशेजारी एक मोटारसायकल आणि वर आभाळ. मी म्हटलं, यात बघायचं काय?

“बघा ना गुरुजी,” तो म्हणाला. “एक बी माणूस न्हाई.”

लोक सोन्याबद्दल बोलतात तशा आवाजात तो हे बोलला. तेव्हा मला कळलं की गडी नुसता बघत नाहीये, जायचं ठरवून बसलाय. आणि एकटा. सगळा जन्म गर्दीत काढलेल्या या माणसाला थोडे दिवस कोणीही न बोलावणारं, कोणीही हात न करणारं ठिकाण हवं होतं. मला त्याचं मनापासून बरं वाटलं. उशिरा का होईना, शहाणपण सुचलं म्हणायचं.

तयारी सुरू झाली. पुण्यात नोकरीला असलेला त्याचा मुलगा माऊली, त्यानं एक तंबू पाठवला. तो शेतात मिरची वाळवायच्या जागेवर उभा करून बघितला. पहिल्यांदा आडवा झाला, दुसऱ्यांदा वाऱ्यानं बांधापर्यंत गेला, मग एकदाचा उभा राहिला. जुन्या स्प्लेंडरची चेन, टायर बदलून झाले. क्लचची वायर, प्लग, ट्यूब, पंक्चरचं सामान असं सगळं एका डब्यात गेलं. मुठीएवढी एक गॅसची शेगडी आली. झोपायची पिशवी आली, तिच्यात शिरून त्यानं मला दाखवलं. मी म्हटलं, पोत्यात मिरची भरतोस तसा स्वतःलाच भरलास की.

इथवर सगळं ठीक होतं. चूक झाली ती चहाच्या टपरीवर. आमच्याकडं माणूस कारणाशिवाय गाव सोडत नाही. लग्न, मयत, कोर्ट, दवाखाना नाहीतर देव, यातलं एक कारण लागतं. मिठावर झोपायला चाललो असं सांगितलं असतं तर लोकांनी त्याला आधी डॉक्टरकडं नेलं असतं, तेही त्याच्याच गाडीवर. म्हणून कोणीतरी विचारलं तेव्हा हा पटकन बोलून गेला, “द्वारकेला चाललो.” द्वारका त्याच अंगाला आहे, तेवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पहिले दोन-चार दिवस चेष्टेत गेले. बद्रीनाथ निघाला द्वारकेला, मंग बद्रीनाथला कोण जाणार, असं जो तो म्हणू लागला. मग नारळ यायला लागले. आमच्याकडं कोणी तीर्थाला निघालं की ज्याला जाता येत नाही तो आपला नारळ त्याच्या हाती देतो, आणि देवाच्या नारळाला नाही म्हणता येत नाही. बायका रुक्मिणीची ओटी घेऊन आल्या. खण, तांदूळ, हळकुंडं. बद्रीनाथनं तंबूचं वजन कमी भरावं म्हणून त्याच्या लोखंडी खुंट्या काढून हलक्या आणल्या होत्या. आता पडवीत पोतंभर नारळ झाले. आल्यावर मावंद्याचं गावजेवण कधी घालणार, हेही लोक विचारायला लागले. माणूस जायच्या आधीच गाव जेवायला बसलं होतं.

पण खरा घोळ केशरबाईंनी घातला. केशरबाई आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या मावशी. कोणाच्या घरी कुठलं कार्य कसं करायचं ते त्या सांगणार आणि लोक ऐकणार. त्या पडवीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, तीर्थ काय एकट्यानं करायचं असतं का? धर्माचं काम जोडीनं. नंदाला घरी ठेवून गेलास तर अर्धं पुण्य वाटेतच सांडतंय.

नंदाबाई म्हणजे बद्रीनाथची बायको. ती दारातच उभी होती. बद्रीनाथनं तिच्याकडं बघितलं, तिनं याच्याकडं बघितलं. आणि ज्याला आयुष्यात नाही म्हणता आलं नाही तो म्हणाला, “बराबर आहे मावशी. दोघं जाऊ.” नंदाबाईनंही मान डोलावली. देवाला यायचं नाही असं कुठली बाई बोलेल?

त्या दिवसापासून गड्याचा चेहराच उतरला. एकटं राहायला म्हणून निघाला होता आणि मागच्या सीटवर सगळं गाव बसवून चालला होता, वर बायको. बायकोवर त्याचा राग नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तिच्या शब्दाबाहेर तो कधी गेलेला नाही. पण तिला कसं सांगायचं, की तुझ्याबरोबर यायचं नाही मला? ती मनाला लावून घेईल याचीच त्याला धास्ती होती. मी म्हटलं, सांगून टाक. तो म्हणाला, जाऊ द्या गुरुजी, रण कुठं पळून जात न्हाई. दुसरी झोपायची पिशवी मागवली त्यानं. मला त्या दिवशी त्याचा इतका राग आला की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

निघायच्या आधी सगळं सामान लादून एक चक्कर मारून बघावी असं ठरलं. लांब पण ओळखीचा रस्ता पाहिजे आणि देवही झाला पाहिजे म्हणून जांब समर्थला जायचं ठरवलं. सकाळी दोघं निघाले. हँडलजवळ तंबू, दोन्ही बाजूंना पिशव्या, आणि मध्ये उरलेल्या वीतभर जागेत नंदाबाई. पुढं जे झालं ते मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचं तंतोतंत जुळलं, म्हणून ते खरं मानायला हरकत नाही.

राजूरला त्यानं विचारलं, बरंय ना? ती म्हणाली, बरंय. जालन्यात विचारलं, बरंय. अंबड सोडल्यावर मात्र तिनं त्याच्या खांद्यावर हात मारला आणि गाडी थांबवायला लावली. उतरली, कंबर धरून चार पावलं चालली आणि रस्त्याकडेच्या लिंबाखाली जाऊन बसली. बद्रीनाथला वाटलं, कंबर गेली. काय करावं ते सुचेना म्हणून त्यानं शेगडी काढली, वाऱ्याला आडोसा म्हणून हेल्मेट ठेवलं आणि चहा टाकला. ज्या शेगडीवर रणात एकट्यानं चहा करायचा होता तिचा पहिला चहा असा झाला.

चहा हातात आल्यावर नंदाबाई म्हणाली, “एक सांगू का? मला न्हाई यायचं द्वारकेला.”

“खरंच?” बद्रीनाथ म्हणाला. आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याला तो लपवता आला नाही.

नंदाबाईनं ते बघितलं. कप तसाच हातात धरून ती त्याच्याकडं बघत राहिली. बद्रीनाथ म्हणतो, तेवढ्या वेळात माझा जीव नुसता टांगणीला लागल्ता. आता रडती का काय, माहेरी जाती का काय. मग ती हसायला लागली. शेजारच्या शेतातून कोणीतरी मान वर करून बघितलं एवढी हसली.

मग सगळं बाहेर आलं. त्यानं रणाचं सांगितलं, मिठाचं सांगितलं, टपरीवर तोंडातून निघून गेलेल्या द्वारकेचं सांगितलं. ती म्हणाली, मंग मला आधी का न्हाई बोलले? तो म्हणाला, तुला वाईट वाटंल म्हणून.

“मला कशाचं वाईट वाटंल?” नंदाबाई म्हणाली. “तुमी जाणार म्हणल्यावर मला किती हरिक झाल्ता. लग्न होऊन आले तवापून मी ह्या घरात एक दिवस एकटी राह्यले न्हाई. आधी सासू-सासरे, मंग लेकरं, मंग तुमचे आलेगेले. भर दिवसा कधी आतून कडी लावली न्हाई मी. मला चार दिवस कडी लावून बसायचंय. वाटलं तवा जेवायचं, न्हाई वाटलं तर न्हाई. तुमी मला घेऊन चालल्यावर माझं तेवढं बी गेलं.”

दोघंही एकमेकांचं मन राखायला म्हणून एकमेकांच्या बोडक्यावर बसले होते. बद्रीनाथ म्हणतो, काट्यावर दिवसभर पोती उचलून संध्याकाळी खांदा मोकळा होतो ना, तसं झालं. त्यांनी आणखी एक चहा केला. मग जांबला गेले, दर्शन घेतलं आणि सावकाश परत आले. येताना तिनं एकच अट घातली. लोकांनी विश्वासानं नारळ दिलेत, तर आधी द्वारका, मग तुमचं मीठ. देवाला खोटं पाडायचं नाही. बद्रीनाथनं लगेच कबूल केलं. मनावरचं ते एक ओझंही उतरलं.

राहिल्या केशरबाई. नंदाबाईनं त्यांना सरळ सांगितलं की माझ्या कमरेला गाडी सोसत नाही आणि मी येणार नाही. केशरबाईंनी बराच वेळ विचार केला. मग बोलल्या, त्यालाही उपाय आहे. बायको हजर नसली की पूजेला बसणारा तिच्या नावानं कमरेला सुपारी खोचतो. तशी सुपारी घेऊन जा.

“पण मंग पुण्य अर्धं न्हाई ना व्हायचं?” नंदाबाईनं मुद्दाम विचारलं.

“बिलकुल न्हाई,” केशरबाई म्हणाल्या. “सुपारी म्हंजी माणूसच. ती हाय म्हणल्यावर तू हायेस.”

निघायच्या सकाळी आम्ही सगळे वेशीपर्यंत गेलो. बद्रीनाथ गाडी हातानं ढकलत चालला होता. मागची सीट नारळांनी आणि झोपायच्या पिशवीनं अशी भरली होती की कोणाला हात करायची सोय नव्हती. सुपारी शर्टाच्या वरच्या खिशात. मी म्हटलं, असा संसार पाहिजे, बायको खिशात मावते. त्यानं नंदाबाईकडं बघून, येतो, एवढंच म्हटलं. ती म्हणाली, सावकाश जा, जल्दी करू नका. यायचीसुद्धा. सगळे हसले आणि गाडी भोकरदनच्या रस्त्याला लागली. वळणावर जाईपर्यंत त्याची पाठ ताठ दिसत होती. मला उगाच भरून आलं.

परत येऊन मी ओट्यावर बसलो. समोर नंदाबाई घरात गेली, वळली, आणि तिनं दार लावलं. कडीचा आवाज मला स्पष्ट आला. इतक्या वर्षांत ते दार दिवसा बंद झालेलं मी पहिल्यांदा बघत होतो.

दुपारी केशरबाई आल्या. काखेत वाकळ, हातात पानाचा डबा. बाई एकटी आहे म्हटल्यावर सोबतीला कोणीतरी झोपायला जायचं, ही आमच्याकडची रीत. त्या बद्रीनाथ येईपर्यंत मुक्कामाच्या तयारीनंच आल्या होत्या. त्यांनी कडी वाजवली. गेलं, म्हटलं, हिचंही गेलं.

दार उघडलं, पण अर्धंच. नंदाबाईचे केस मोकळे होते. भर दुपारी ती निवांत न्हाऊन बसली होती. तिनं मावशींना नमस्कार केला, कशाला त्रास घेतला म्हणून विचारलं. मग आतल्या फळीकडं हात केला. फळीवर एका वाटीत मूठभर तांदूळ होते आणि त्यावर एक सुपारी ठेवलेली.

“मालक घरातच हाईत, मावशी,” ती म्हणाली. “तुमीच म्हणल्या ना, सुपारी म्हंजी माणूसच.”

केशरबाईंनी त्या वाटीकडं बघितलं, मग नंदाबाईकडं. आपल्याच शब्दाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी वाकळ या काखेतून त्या काखेत घेतली, सुपारीकडं बघून सवयीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पायऱ्या उतरल्या.

दार लागलं. पुन्हा कडीचा आवाज आला. माझी बायको आतून म्हणाली, काय झालं हो, एवढे कशाला हसून राह्यले? मी म्हटलं, काही नाही, बद्रीनाथच्या आधी नंदाबाईच रणात पोचली.