तात्यांच्या रेडिओतली घरघर

आई गेल्यावर तात्यांना घरात सोबत म्हणून रेडिओच उरला. मी नगरला नोकरीला, ते कर्जतजवळच्या आमच्या शेतातल्या घरी एकटे. रोज फोनवर ते मला ऐकलेल्या बातम्या पुन्हा सांगायचे. दिवाळीनंतर त्या बातम्या बंद झाल्या.

"दिवेलागणीला बातम्या लागल्या की रेडिओ नुसता घरघरतोय," ते म्हणाले. "शेजाऱ्याचंच काम हाय. रानडुकरासाठी कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावलंय त्यानं."

भांडायला निमित्त मिळूनही त्यांचा आवाज खचलेला होता. ते मला सहन होईना. शनिवारी मी लॅपटॉप, त्याला जोडायचा पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर आणि तारेचा गोल अँटेना घेऊन घरी गेले. हा माझा छंद. ऑफिसात त्याला येडेपणा म्हणतात. हवेतल्या लहरी लॅपटॉपवर रंगीत पट्ट्यांसारख्या दिसतात. अँटेना फिरवून घरघरीची दिशा शोधायची, नकाशावर रेघ मारायची. अशा दोन-तीन ठिकाणांहून मारलेल्या रेघा जिथे छेदतील, तिथे चोर.

घरात दिवाबत्ती करून तात्या माझ्यामागे बांधावर आले. पहिली रेघ आमच्या घरावरून थेट शेजाऱ्याच्या शेतात गेली.

"बघ! म्या काय म्हनत हुतो?" त्यांची कळीच खुलली.

मग मी रस्त्यावरून दुसरी रेघ मारली, विहिरीपासून तिसरी. दोन्ही शेजाऱ्याच्या वाटेलाच गेल्या नाहीत. तिन्ही रेघा आमच्याच घरावर येऊन भेटल्या.

अँटेना धरून मी घरात शिरले. आईच्या फोटोपाशी पडद्यावरची पट्टी सगळ्यात ठळक झाली. फोटोभोवती दिव्यांची माळ होती. दिवाळीत तात्यांनीच ती बाजारातून आणली होती, आणि तेव्हापासून ते रोज दिवेलागणीला लावत होते. तिचा अडॅप्टर अगदीच हलक्या प्रतीचा होता. मी पिन काढली आणि बातम्या स्वच्छ ऐकू यायला लागल्या. फोटो मात्र विझल्यासारखा झाला, मलाच बघवेना.

"मी चांगली माळ आणते, तात्या. तोवर ही बंद ठेवा."

त्यांनी पिन परत खोचली. घरघर सुरू झाली. फोटोकडे बघून ते हसले आणि मग उपरण्याने डोळे पुसले.

"असू दे, पोरी. हुती तवा तरी ती कुठं बातम्या ऐकू देत हुती?"