बांधावरचा काटा

सुरतेला निघताना वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, स्वतः पाहून या."

थोरला भाऊ गेल्यापासून त्यांच्या शेतातली भेंडी नंदुरबारच्या बाजारात मीच नेतो. आता एका कंपनीने करारावर भेंडी मागितली होती. आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलेल्या मला त्यात फसवणुकीचाच वास येत होता.

सुरतेजवळ कोसाडला मावसभाऊ सुकलाल राहतो. यंत्रमागावर कामाला आहे. त्याच्या मोटारसायकलवर बसून आम्ही बारडोलीच्या वाटेला लागलो. दुतर्फा ऊस इतका दाट की, त्याआडही काही दडवले असावे, असे मला उगाच वाटत राहिले.

उसाच्या मधोमध याच कंपनीला भेंडी देणाऱ्या रमीलाबेनचे शेत होते. भेंडीने खाज सुटू नये म्हणून त्यांनी हातांत जुने पायमोजे चढवले होते. त्यांनी चहा व नानखटाई दिली. वाटभर घोकलेला प्रश्न मी चाचरतच विचारला, "कंपनी वजनात मारत नाही?"

"नाना, तुम्ही काय पोलीस शेतस (आहात) का?" सुकलाल हसला.

तेवढ्यात टेम्पो आला. कंपनीच्या माणसाने बांधावर काटा मांडला आणि वाकडा, जून भींडा (भेंडी) बाजूला फेकला. ढीग बराच झाला. माझा संशय बळावला.

"हा ढीग?"

"गावात विकीन."

"आणि उद्या टेम्पो आलाच नाही, तर?"

रमीलाबेन म्हणाल्या, "भीती तो वाटतेच, भाई. पण पहिले बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरायचा. मी विधवा बाई, कोणाच्या हातात हात देऊ? दीर जायचा. तो सांगेल तो भाव."

"दीर खोटे बोलायचा?"

"काय माहीत? तेच तर! हा माणूस फसवेल, तर माझ्या डोळ्यांसमोर फसवेल. भांडता तरी येईल."

एवढे बोलून त्या खरोखरच उठल्या आणि फेकलेल्या ढिगातल्या चार सरळ शेंगा त्यांनी पुन्हा काट्यावर टाकल्या. त्या माणसाने त्या तोलून घेतल्या.

परतीच्या गाडीत ऊस मागे पडला. संशय मात्र सोबत आला. फक्त आता तो कंपनीपुरता उरला नव्हता. मी वहिनींना आजवर खराच भाव सांगितला आहे. पण हे त्यांनी कशावरून ओळखावे?

घरी पोहोचताच मी कंपनीने बाजूला टाकलेल्या ढिगाविषयी सांगू लागलो. वहिनींनी सारे ऐकून घेतले आणि मान खाली घालून विचारले,

"वजन कुठं करतात?"

"शेताच्या बांधावर. तुमच्यासमोर."

"मग मी सही करते, भाऊजी."

मी खिशातले पेन काढून त्यांच्यापुढे ठेवले.