यारीवरचा माणूस

आमच्या नेकनूरच्या शिवारात विहीर खोदायची म्हटलं की यारी चालवायला हा एकच माणूस यायचा. यारी म्हणजे विहिरीतले दगड वर ओढणारं यंत्र. काम सुरू करण्याआधी तो विहिरीचा काठ स्वतः झाडून काढायचा. तिथं कुणाला चहाचा पेलासुद्धा ठेवू द्यायचा नाही. "एवढासा खडा सुटला, तरी तळाला जाईस्तोवर त्याची गोळी व्हतीया," असं हळू आवाजात सांगायचा.

आमच्या विहिरीवर एका दुपारी यारीचा ब्रेक निसटला. दगडांनी भरलेली बादली सुसाट खाली निघाली. तळाशी दोन मजूर होते. "कडंला व्हा!" असं ओरडत त्यानं फिरत्या दातेरी चाकात पहार घातली. पहारीबरोबर त्याचा हातही आत गेला. बादली मजुरांच्या डोक्यावर हातभर अंतरावर थांबली. ते दोघं दोराला धरून वर येईपर्यंत तो रक्ताळलेला हात छातीशी धरून काठावरच बसून राहिला.

दवाखान्यात मी विचारलं, "कशाला घातला हात?"

त्यानं बँडेज बांधलेला हात मांडीवर घेतला.

"दगडाला खाली कोन हाय ते कळत न्हाई," तो म्हणाला. "मला कळत व्हतं."