प्रेमदासची सात हजार पावलं

आमच्या नाचणगावात पायी चालणाऱ्या माणसाला चालू देत नाहीत. पुलगावच्या रस्त्यावर कुणी ओळखीचा चालताना दिसला की गाडीवाला थांबतो, डब्याची पिशवी हँडलला अडकवतो आणि म्हणतो, "बसा ना भाऊ." यात सगळ्यात पुढे मी. मागची सीट रिकामी गेली की मला चुकल्यासारखं वाटतं. आणि बसायला नाही म्हणणं म्हणजे भांडण काढणंच. त्यामुळे ज्या सोमवारी प्रेमदास थूल पायी निघालेला दिसला, त्या दिवशी मी त्याच्याजवळ करकचून ब्रेक मारला.

प्रेमदास आणि मी पुलगावच्या एकाच कचेरीत बाबू. बावीस वर्षं टेबलाला टेबल लावून बसतो. म्हणजे खरोखरच बसतो. सकाळी दहाला टेकलो की जेवायला उठायचं आणि मग एकदम सहाला. पाणीसुद्धा शिपाई आणून देतो. प्रेमदास स्वभावानं इतका मऊ, की भाजीवालीनं किडकी वांगी दिली तरी परत करायला लाजतो. त्या दिवशी मी "बस" म्हटलं, तो बसला. मंगळवारी बसला, बुधवारीही बसला. स्कूटर घरी धडधाकट उभी असताना हा चालत का निघतो, ते मात्र काही सांगेना.

कारण त्याच्या मोबाइलमध्ये होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्याची मुलगी पौर्णिमा वर्ध्याला नर्सिंग शिकते. तिनं बापाच्या फोनमध्ये पावलं मोजणारं अ‍ॅप टाकून दिलं होतं. रोज सात हजार पावलं झालीच पाहिजेत. दुपारी टेबलावर फोन थरथरायचा: 'आज तुमची फक्त सहाशे दहा पावलं झाली. उठा, थोडं चाला!' प्रेमदास तो झटकन पालथा घालायचा. पौर्णिमाला तिकडे आकडा दिसायचा, संध्याकाळी तिचा फोन यायचा, आणि हा मान खाली घालून "उद्या पक्कं" म्हणायचा.

त्यानं लवकर निघून पाहिलं, तर दूधवाल्यानं बसवलं. शेतातल्या पांदणीनं गेला, तर ट्रॅक्टरवाल्यानं वर ओढून घेतलं. गावात तोवर कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे स्कूटर विकली, कुणी म्हणे बायकोशी, पंचफुलाबाईशी, बिनसलं. शेवटी एका सकाळी त्यानं मला सांगितलं, "नाई कैलास, तू हो पुढं." पानठेल्यावर चार लोक बघत होते.

"काऊन? मायी गाडी वाईट हाय काय?" मी विचारलं.

तो नुसता हसला. मी तडक निघून गेलो आणि आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. हाताच्या अंतरावरच्या टेबलावर फाइल द्यायची तर शिपायाकरवी दिली. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

नवव्या दिवशी दुपारी त्याच्या खुर्चीखाली फरशीवर लाल डाग दिसला. प्रेमदास चपला काढून आरामात एक पत्र लिहीत होता. त्याच्या तळपायात टाचणी रुतली होती, अर्धी आत.

"प्रेमदास, पायात टाचणी घुसली ना बे!"

त्यानं वाकून पाहिलं. "कधी घुसली?"

"मले काय विचारून राह्यला? तुले लागली नाई?"

"नाई," तो म्हणाला. मग अगदी हळू म्हणाला, "मले तळपायाचं काईच समजत नाई आता."

टाचणी मी काढली. तो स्वस्थ बसून बघत होता. मग सगळं बाहेर आलं. चार वर्षांपासून शुगर होती. गोळ्या घ्या आणि चाला, बसून राहिलात तर पाय गमावाल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. त्याच्या मोठ्या भावाचा, नत्थूचा, पाय याच रोगापायी गुडघ्यापासून कापावा लागला होता. नत्थू दोन वर्षं खाटेवर होता, आणि येणारा-जाणारा त्याला 'बिचारा' म्हणायचा.

"मले बिचारा नाई व्हाचं रे," प्रेमदास म्हणाला. "म्हणून कोणालेच सांगतलं नाई."

खरं सांगितलं असतं, तर कुणी त्याला गाडीवर घेतलंच नसतं. तेवढं एक त्याच्या तोंडून निघत नव्हतं, आणि आम्ही सगळे प्रेमापोटी त्याच्या पायांच्या मुळावर उठलो होतो.

जखम भरायला महिना लागला. पौर्णिमानं बापाला मऊ तळव्याचे बूट आणले, रोज झोपताना पाय तपासायची ताकीद आईला दिली आणि मला फोनवर झापलं, "काका, आता बाबाले गाडीवर बसवू नका, सांगून ठेवते!"

डॉक्टरनं चालायची परवानगी दिली त्या सकाळी मी गाडी घरीच ठेवली आणि प्रेमदासच्या दारात जाऊन उभा राहिलो. निघालो दोघं. गावाच्या बाहेर पडेपर्यंत मलाच धाप लागली. तेवढ्यात पहिली गाडी थांबली. "बसा ना भाऊ."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण प्रेमदासनं हातानं मला थांबवलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"मले शुगर हाय," तो म्हणाला. "पाय वाचवाचे हायेत. मी चालतच येतो."

गाडीवाला गोंधळून "बरं, बरं" म्हणत गेला. दुसऱ्याला सांगताना प्रेमदासचा आवाज जरा मोकळा झाला. तिसऱ्याला तर त्यानं हसत सांगितलं.

चौथे बबनराव. आमच्याच गल्लीतले धिप्पाड गृहस्थ, पहाडी आवाजाचे, समोरच्या दुकानातही गाडी काढून जाणारे. प्रेमदासनं त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी गाडी बंद केली, मागं-पुढं कुणी येत नाही ना ते पाहिलं, स्टँड लावलं आणि खाली उतरले.

"तुले किती वर्षं झाले?" त्यांनी विचारलं.

"चार."

"मले सहा," बबनराव म्हणाले. "घरी बी कोणाले माहीत नाई."