आधी शेरडं, मग वाघ

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर तो फ्लेक्स मीच लावला. स्वतःच्या हातांनी, सुतळीच्या पक्क्या गाठी मारून. मधोमध अंबिकाचा ओळखपत्रावरचा फोटो फुगवून लावलेला आणि तिच्या गालाला गाल लावून जबडा वासलेला एक पट्टेरी वाघ. खाली लाल अक्षरं : ‘पोलादपूरची वाघीण निघाली परदेशी, वाघ वाचवायला! कु. अंबिका गोमाजी ढेबे हिचे हार्दिक अभिनंदन!’ कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेला एक तरुण. तो मी.

पहिली चूक वाघाची. अंबिका निघाली होती नामिबियाला, चित्ते आणि बिबटे वाचवणाऱ्या एका संस्थेत सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला. तिथल्या रानात पट्टेरी वाघ औषधालाही नाही. पण फ्लेक्सवाल्या ऋत्विककडे कुणा नेत्याच्या वाढदिवसाचा वाघ शिल्लक होता, त्याने तोच डकवला. ही झाली छोटी चूक. मोठी अशी की अंबिकाने घरी वाघाचं नावच काढलं नव्हतं. “बाहेरदेशात जनावरांचं काम हाय, सहा महिने,” एवढंच सांगून ती थांबली होती. तिचे वडील शेरडं-म्हशी राखणारे. जनावरं म्हटल्यावर त्यांनी गुरं धरली. खरं सांगायचा तिचा बेत होता, पण नेमकं त्याच आठवड्यात वाघाने त्यांचं पारडू नेलं. (आमच्याकडे बिबट्या फक्त पेपरात असतो. डोंगरावर तो वाघच.) जरा दुःख निवू दे, मग सांगू, असा तिचा विचार.

मी शेवटची गाठ मारत होतो आणि तिचे वडील, गोमाजीआबा, जीपमधून उतरले. पारडाच्या नुकसानभरपाईचा अर्ज वनखात्यात द्यायला आले होते. वाचता त्यांना बेताचंच येतं, पण चित्र काय वाचावं लागतं? पारडू खाल्लेल्या वाघाच्या गालाला गाल लावून आपली पोरगी हसतेय, हे त्यांना रस्त्यापलीकडूनच दिसलं.

“तू महाडच्या ताडपत्रीवाल्याचा ना रे?”

“हो आबा. मुकुल.”

“उतरव.”

मी उतरवला. त्यांनी फ्लेक्सची नीट घडी केली, डोक्यावर घेतली आणि अर्ज न देताच आल्या वाटेने परत गेले.

त्यांची धनगरवाडी पोलादपूरच्या वर आहे. जीप जिथे हात टेकते तिथून पुढे तासभर चढ. मोजकी घरं, घरांपेक्षा गोठे मोठे. वाटेत खिंडीत वाघजाई देवी उघड्यावर बसलेली असते, आणि वाडीला मोबाइलची रेंज मिळते तीही तिच्याच पायाशी. अंबिका चौथीपर्यंत वाडीत शिकली, मग पोलादपूरला वसतिगृहात आणि पुढे महाडला कॉलेजात. तिथे ती मला भेटली. ती प्राणिशास्त्राला आवडीने आली होती. मी आलो कारण कॉमर्सच्या जागा माझ्या नावाआधी संपल्या.

पहिल्याच वर्षी तिच्या ‘नाय’ आणि ‘हाय’वर वर्ग हसला. दुसरी एखादी असती तर पुण्याच्या मुलींसारखं बोलायला शिकली असती. अंबिकाने वर्षअखेरीचा अख्खा सेमिनार ‘नाय-हाय’मध्ये दिला. विषय मण्यार. शेवटी मागच्या बाकावरून कुणी तरी उगाच खोकलं, तर म्हणाली, “प्रश्न हाय का नाय? नाय तर बसते.” तेव्हापासून मी तिच्याशी वाद घालायचं सोडलं. ती तरी कुठे वाद घालते? “बघू,” म्हणते आणि करून मोकळी होते.

इंटर्नशिपची मुलाखत तिने आमच्या दुकानात दिली, ताडपत्रीच्या थप्प्यांपुढे स्टूल मांडून. वाघजाईपाशी रेंज होती, पण देवीसमोर एवढं इंग्रजी बरं दिसणार नाही, असं तिचं मत. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे, म्हणजे तसं फार बरं नाही. पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, बिबट्यांचा तुला अनुभव काय?

“विशेष नाही,” अंबिका म्हणाली. “त्यांनी आमच्या घरचं बरंच खाल्लंय, तेवढीच ओळख.”

बाई हसल्या आणि पुढे बराच वेळ फक्त शेरडांबद्दल विचारत राहिल्या. महिन्याभरात निवड झाली, तिकीटही त्यांनीच काढलं. मार्चअखेर निघायचं ठरलं. आणि जानेवारीत मी फ्लेक्स लावला.

पुढच्या रविवारी माफी मागायला मी वाडीवर गेलो. आबा अंगणात हरणी नावाच्या म्हशीला घासत होते. अंबिका दारात भांडी घासत होती. दोघांत दहा पावलांचंही अंतर नव्हतं, पण बोलणं सगळं म्हशीमार्फत.

“हरणे,” आबा म्हणाले, “सांग तिला, तिचा मैतर आलाय. पाणी दे म्हणावं.”

“हरणे, आबांना सांग, दिसला मला.”

अंबिकाची आई, गोदूबाई, चुलीपुढून ओरडली, “ती म्हस दोघांच्या मधी पिळून निघाली गो! दूध आटलं तिचं. काय असंल ते तोंडानं बोला.”

आबा तोंडानेच बोलले, पण हरणीच्या कानात. “ज्यानं आपलं पारडू खाल्लं त्याची चाकरी करायला जाते म्हणं. जाऊ दे. पण आधी घरची शेरडं वाघापासून राखून दाखव म्हणावं. मग जा म्हणावं वाघ राखायला.”

भांड्यांचा आवाज थांबला.

“हरणे,” अंबिका म्हणाली, “सांग आबांना, कबूल.”

वाट उतरताना मी तिला म्हणालो, “अंबे, पासपोर्ट तुझ्याकडे, तिकीट तुझ्याकडे. सज्ञान आहेस. सरळ निघून जा की.”

“पळून जायला मी काय चोरी केलीय? आबा जा म्हणतील तेव्हाच जाणार.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“म्हणतील. आणि तू दात काय काढतोस? फ्लेक्स तू लावलास ना? आता जाळी तू उचल.”

त्यांचा शेरडांचा गोठा म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणाचा लेप, वर पेंढ्याचं छप्पर. कूड आणि छप्पर यांच्यामध्ये हात-दीड हात उघडी फट, वारा खेळायला. वारा खेळायचा आणि अधूनमधून वाघही. आमच्या दुकानातली तारेची जाळी लोक बागेच्या कुंपणाला नेतात, घरापर्यंत टेम्पोने. मी ती खांद्यावरून डोंगरावर नेली. खांदे माझे, जाळी बाबांची. बाबांना वाटलं, गिऱ्हाईक मिळालं. तो गैरसमज मी अजून दूर केलेला नाही.

दुसऱ्या खेपेला अंबिका पुढे निघून गेली होती आणि मी एकटाच खिंडीत वाघजाईपाशी दम खात बसलो होतो. मागच्या झुडपात काहीतरी खसफसलं. मोठं होतं. श्वास टाकत होतं. मी जाळी टाकली, देवीचे पाय धरले आणि मोठ्याने म्हणालो, “आई, सुखरूप वर ने, कोंबडा देईन!”

झुडपातून हरणी बाहेर आली. तिच्यामागून आबा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, देवीकडे पाहिलं आणि म्हशीला म्हणाले, “ऐकलंस ना? कोंबडा.”

आमच्या घरी अंडंसुद्धा गॅलरीत बसून खावं लागतं. कोंबडा मी आणणार कुठून? नारळावर भागेल का, असं विचारलं तर आबा चालतच राहिले.

फेब्रुवारीभर काम चाललं. अंबिकाने जाळी जमिनीत खोल गाडली, फट बुजवली, कवाडाला आडवा लाकडी आडणा बसवला. मग एका दुपारी, आबा अंगणात बसलेले असताना, ओचा खोचला आणि गोठ्यावर चढली. पेंढा उपसून धपकन आत उतरली. शेरडांनी एकच गलका केला.

“इथून येईल,” आतून तिचा आवाज आला.

तिथे तिने जाळी मारली. दोन दिवसांनी पुन्हा वाघ झाली आणि मागच्या कोपऱ्यातून पाय आधी घालून शिरली. तोही कोपरा बुजवला. तिसऱ्यांदा चढली तेव्हा आबांना राहवलं नाही. “हरणे, तिला सांग, वाघ एवढा आवाज नाय करत.” त्यानंतर ती पायताण काढून, पोटावर सरपटत चढायला लागली. खरचटून हाताचं सालटं निघालं, मी म्हणालो पुरे आता, तर म्हणाली, “वाघ पुरे म्हणतो का?”

शेवटी सगळीकडून बंद झालं, फक्त छपराची एक बाजू उरली आणि जाळी संपली. बाबांनाही एव्हाना गिऱ्हाइकाचं नाव विचारावंसं वाटू लागलं होतं. तेव्हा गोदूबाईने लाकडांवर झाकलेला फ्लेक्स आणला.

“ह्यो घ्या. चांगला जाड हाय. पण वाघाचं तोंड भाईर करा गो, आत केलं तर शेरडं दूध द्यायची नायत.”

खाली कारवीच्या काठ्या दाट रचल्या, तारेने आवळल्या, त्यावर फ्लेक्स ताणून बांधला. पोलादपूरची वाघीण, तिचा वाघ आणि गॉगलवाला शुभेच्छुक आभाळाकडे तोंड करून गोठ्यावर पसरले.

आणि मग काही झालंच नाही. वाघ येईना. कधी नव्हे ती सगळी वाडी त्याची वाट बघू लागली. मार्च निम्मा सरला. अंबिका रोज गोठ्याभोवतीची माती झाडून सारखी करायची, ठसा उमटला तर दिसावा म्हणून. बॅग भरलेली नव्हती.

“तो दुसऱ्याच डोंगरावर गेला असेल तर?” मी फोनवर विचारलं.

“येईल. पारडाची चव लागलीय त्याला.”

एका सकाळी तिचा फोन आला. “ये. आला होता.”

मी पोचलो तेव्हा आबा गोठ्याभोवती फिरत होते. झाडलेल्या मातीत ठसे गोठ्याला पुरते वळसे घालून गेले होते. कवाडापाशी थांबलेले, मागच्या कोपऱ्यात थांबलेले, जिथे जिथे अंबिका शिरली होती तिथे तिथे. मग तो वर चढला होता. फ्लेक्सवर चार उभे ओरखडे होते, काठ्यांपर्यंत गेलेले, आणि ते बरोब्बर माझ्या गॉगलवरून. बाकी त्याने कुणालाच हात लावला नव्हता. वाघिणीला नाही, वाघाला नाही.

“जाणकार जनावर हाय,” गोदूबाई म्हणाली.

आबांनी कवाड उघडलं. शेरडं एकेक करून बाहेर आली, नेहमीसारखी, कानाला कान घासत. आबा प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवत होते. शेवटची बाहेर पडली तरी ते आतच बघत उभे राहिले. अंबिका कुडाला टेकून उभी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे हात मला रिकामे दिसले.

हरणी तिथेच होती. आबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

“अंबे,” ते म्हणाले, “मागल्या अंगाची जाळी ढिली झालीय बघ. जायच्या अगुदर आवळून जा.”

अंबिका ‘बरं’ म्हणाली आणि पक्कड आणायला आत गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही. पक्कड तर माझ्याच खिशात होती.

मुंबईची गाडी धरायला महाडजवळच्या वीर स्टेशनवर तिला सोडायला रिक्षातून आम्ही चौघं गेलो. गाडी येईपर्यंत आबा तिच्या बॅगेची चेन उघडून बंद करून बघत होते. गाडी हलली तेव्हा म्हणाले, “तिकडंबी कवाड नीट लावत जा.”

आता तिचे निरोप येतात. दर रविवारी मी फोन घेऊन वर जातो आणि वाघजाईपाशी बसून आवाज मोठा करून सगळ्यांना ऐकवतो. पहिला महिना तिने चित्ते कमी आणि गाढवाचं मांस जास्त पाहिलं. मांस कापायचं, पिंजरे धुवायचे, तपासणीसाठी विष्ठा गोळा करायची.

“शेण काढायला एवढ्या लांब गेली?” आबांनी विचारलं.

आता तिला खरं काम मिळालंय. तिथले शेतकरी चित्त्याने शेळ्या मारल्या की बंदूक काढतात. संस्था त्यांना दांडगे राखणदार कुत्रे देते, शेळ्यांबरोबरच वाढवलेले, म्हणजे चित्ताही जगतो आणि शेळ्याही. पटवायला अंबिकाला पाठवतात. एक म्हातारा शेतकरी तिला दारातच उभं करतो. कुत्रा नको म्हणतो, संस्था नको म्हणतो आणि सगळं बोलतो ते आपल्या घोड्याशी. “मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं,” अंबिकाच्या निरोपात होतं. “तीनदा गेले. अजून नायच म्हणतो. येत्या गुरुवारी परत जाणार. त्याच्या गोठ्याला पण वरून फट हाय.”

आबांनी तो निरोप पुन्हा लावायला सांगितला. मग खाली कशेडीचा घाट चढणाऱ्या ट्रकांची घरघर ऐकत बसले. “चढंल ती त्याच्या पण गोठ्यावर,” म्हणाले.

निरोपाच्या शेवटी मात्र दर वेळी एकच वाक्य असतं आणि ते मी कापायच्या आत ऐकू येतं : “आणि मुकल्या, देवीचा कोंबडा दिलास का रे?”

सगळे माझ्याकडे बघतात. देवीसुद्धा.

“पुढच्या रविवारी, आबा. नक्की.”

आबा उठतात, हरणीच्या पाठीवर थाप मारतात. “ऐकलंस? पुढच्या रविवारी.”