शेवटच्या बाकावरच्या बाई

चर्चमध्ये नव्या माणसाला कसं सामावून घ्यावं यावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकलीत. शिकले मात्र एका बाईंकडून, त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

बदली होऊन बडोद्याला आले तेव्हाची गोष्ट. पहिल्या रविवारी ओळखीचं कोणी नाही म्हणून मी शेवटच्या बाकावर बसले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी गीतांचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. मला गुजराती अक्षरं लागेनात, तर गाणं संपेपर्यंत त्यांचं बोट माझ्यासाठी ओळीखालून फिरत राहिलं. नाव, गाव, नवरा काय करतो, काही विचारलं नाही. तीन रविवार असेच गेले.

चौथ्या रविवारी मी त्यांच्यासाठी जागा धरली. त्या आल्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि पलीकडे अवघडून बसलेल्या एका अनोळखी जोडप्याशेजारी जाऊन बसल्या. मला चक्क राग आला.

उपासना संपल्यावर त्यांनी चहाची किटली माझ्या हातात दिली. "बेन, त्या दोघांना चहा दे."

"आज माझ्याजवळ नाही बसलात?" मी विचारलंच.

"तू आता नवी कुठे आहेस?"

मी किटली घेऊन त्या जोडप्याकडे गेले आणि म्हणाले, "घ्या. आमच्याकडे चहा जरा गोडच असतो."