दोघांची भाषा

माझा मामा शिलाई मशिनं दुरुस्त करतो. शाळेत संधीचा धडा आला की याच्या पोटात दुखायचं. पण याच माणसाने लहानपणी माझ्या आईबरोबर एक अख्खी भाषा बनवली, मोठ्यांना कळू नये म्हणून! ‘पेक’ म्हणजे घर, ‘तीना’ म्हणजे चल. जोडून ‘पेकतीना’, घरी चल. साठीला टेकली तरी दोघं आमच्यासमोर त्या भाषेत कुजबुजायची. मला मेलीला कशाचाच पत्ता लागायचा नाही.

मग आईच्या जिभेचं ऑपरेशन झालं. जिच्या तोंडाला सगळी गल्ली टरकायची, ती बोलायचीच बंद झाली. शब्द अडखळायचे आणि भेटायला येणारे ‘अरेरे’ करायचे. त्या अरेरेवाल्यांचा मला अजून राग आहे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “काहीही बोला, पण बोला. जीभ आता आखडली तर कायमची.” आई भिंतीकडे तोंड करून बसायची.

मामा हट्टाला पेटला. दुकान बंद केलं की थेट आईच्या खोलीत. “पेकतीना,” तो म्हणायचा. आईने एकदा प्रयत्न केला. सुटे आवाज जमायचे, पण जोडावर क आणि त लागोपाठ आले नि जीभ अडली. तिने उशी फेकून मारली.

मामाने उशी उचलून झटकली. “जाड शिवणीवर सुई अडली तर कापडाला शिव्या देतो का आपण? दाब सैल करायचा. आजपासून जोडावरची खटखट बंद. तिथे नुसता म. पेमीना.”

“अशी भाषा बदलता येते होय?” मी विचारलं.

“आमची आहे. आम्ही केली, आम्हीच बदलणार. तू गप्प बस.”

म तर ओठांनीच होतो, तो आईला जमला असता. पण ती ओठ उघडेल तर शपथ! मामा रोज नवे जोड घेऊन यायचा, एकटाच बडबडायचा आणि जेवून जायचा. मी आशा सोडली होती. त्याने नाही.

परवा तो दमून आला आणि सवयीने बोलून गेला, “पेकतीना, ताई.”

“पेमीना!” आई कडाडली. “नियम तुझाच ना, गाढवा?”

‘गाढवा’ धड उमटलं नव्हतं. मामाने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, “परत दे शिवी.”